मदत हवी आहे: कडेची खूण नजरेत भरण्यासाठी कॉन्ट्रास्ट वाढवू की आकार?

मंडळी, कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर इशाऱ्याची छोटी खूण दाखवायची आहे. पाहणाऱ्याची नजर स्क्रीनच्या मध्यावर असते, खूण मात्र उजव्या कडेला, नजरेच्या रेषेपासून साधारण 20 अंशांच्या कोनावर. करड्या पार्श्वभूमीवरची फिकट नारिंगी खूण थेट पाहिली तर स्पष्ट दिसते; नजर मध्यावर ठेवली की गायब!

डोळ्यात बारीक तपशील टिपणारा भाग जेमतेम 2 अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, हे ठाऊक आहे. वेबसाठीचा 3:1 कॉन्ट्रास्टचा निकष पाळलाय, पण तो कडेच्या नजरेसाठी बनलेलाच नाही असं माझं मत. शिवाय खूण त्रिकोणी की चौकोनी हेही कळायला हवं, आणि तिला खेटून आकडे आहेत. कडेच्या नजरेत जवळच्या गोष्टी एकमेकींत मिसळून ओळखू येत नाहीत; त्याबद्दलच्या बाऊमाच्या नियमाप्रमाणे 20 अंशांवर शेजारच्या गोष्टी सुमारे 10 अंश लांब हव्यात. एवढी जागा आणायची कुठून?

आकार आणि कॉन्ट्रास्ट यांचा मेळ कसा बसवता? लुकलुकणारी खूण पटकन लक्षात येते, पण दिवसभर ती समोर असली तर माणूस वैतागेल. आणि चाचणीत नजर मध्यावरच आहे याची खात्री आय-ट्रॅकरशिवाय कशी करायची?