विषय: नाशिकला बाळाचे कपडे धुताना सॉफ्टनर न्यावं का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात सहा आठवडे बाळाला घेऊन अमेरिकेहून नाशिकला जातोय, मुक्काम इंदिरानगर. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. सासूबाई म्हणतात, तिथल्या पाण्यात सुती कपडे पापडासारखे कडक होतात. मग इथून सॉफ्टनर न्यावं का? त्यांनी ट्रंकेतून जुन्या गोधड्या आणि कुंचीही काढून ठेवल्यात. आणि कार सीटचं कव्हर तिथे धुता येईल का?

– इंदिरानगरची सून

———

उत्तर:

सूनबाई, सॉफ्टनर नेऊ नका. बॅगेतली तेवढी जागा येताना कोंडाजी चिवड्याला लागेल.

सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर चढवतं. हाताला कापड मऊ लागतं, पण पाणी शोषत नाही. लंगोट, दुपटी, टॉवेल यांचं तर कामच शोषायचं. त्यातला सुगंध नाजूक कातडीला खाजवतो, ते वेगळंच. शिवाय अमेरिकेत नऊ महिन्यांपुढच्या मापाचे झोपायचे कपडे एक तर अंगाला घट्ट बसणारे, नाहीतर सहजी पेट न घेणाऱ्या कापडाचे असावे लागतात. दुसऱ्या प्रकारावर सॉफ्टनरचा किंवा साबणाचा थर बसला की तो गुणच कमी होतो. आत लेबलावर लिहिलेलं असतं, धुण्याआधी वाचा.

आता कडकपणा कशाने येतो ते. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने मऊ. पण पुष्कळ सोसायट्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात, आणि काळ्या पाषाणातलं ते पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. वडीचा साबण या क्षारांशी मिळून चिकट, पांढुरका साका होतो. तो खळबळून जात नाही, धाग्यात बसतो आणि वाळला की कापड करकरीत. त्यावर सॉफ्टनर ओतणं म्हणजे चिखलावर रांगोळी.

पाणी जड आहे का ते असं बघा: प्लास्टिकच्या बाटलीत निम्मं पाणी, त्यात वडीच्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा, मग जोरात हलवा. घट्ट फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर मऊ. फेस बसून पाणी दुधाळ झालं तर जड. डिटर्जंट घालून ही परीक्षा होत नाही, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

जड निघालं तर वडी बंद. बिनवासाची डिटर्जंट पावडर घ्या आणि सुती कपड्यांसाठी दहा लिटरच्या बादलीत आधी एक टेबलस्पून धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा नव्हे! लोकर आणि रेशमाला धुण्याचा सोडा चालत नाही. दोनदा साध्या पाण्यातून काढा. तिसऱ्या खळबळीला दहा लिटरमध्ये एक सपाट चहाचा चमचा लिंबूसत, पाच मिनिटं, मग पुन्हा साधं पाणी. उरलेला सोडा आणि साका त्यात सुटतो.

वाळत घालण्याआधी प्रत्येक कपडा दोन टोकं धरून फट्कन आवाज येईल असा झटका. निम्मा वाळला की परत एकदा. सुती धागे न हलता वाळले की एकमेकांना धरून बसतात, पाणी मऊ असलं तरी. झटकून, तळव्यात चोळून घेतलं की बरंच काम होतं.

– गंगापूर रोडवाले काका

———

उत्तर:

काकांच्या मेलला एक पुरवणी. लिंबूसत असो वा व्हिनेगर, क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर एका बादलीत कधीच नाही, विषारी वायू सुटतो. शेवटच्या पाण्यात डेटॉल टाकायची आपल्याकडे खोड आहे, तीही सोडा. बाळाच्या कातडीला त्याचा काही उपयोग नाही, जळजळ मात्र होऊ शकते.

दूध आणि शी-चे डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्याने प्रथिन धाग्यात शिजतं आणि डाग पक्का होतो. हळदीच्या उटण्याचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन ओला असतानाच उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

मालिशचे टॉवेल वेगळे ठेवा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, मग डिटर्जंट. धुतल्यावरही खवट वास येत असेल तर तेल अजून आत आहे. इकडे परतल्यावर असा टॉवेल ड्रायरमध्ये घालू नका. तेल मुरलेलं कापड गरम राहिलं, घडी करून ठेवलं, की आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

– पंचवटीची मावशी

———

उत्तर:

मला ट्रंकेची जास्त काळजी वाटते. सासूबाईंना आजच विचारा: आत डांबराच्या गोळ्या होत्या का?

जुन्या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. ज्या बाळांना जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात. कावीळ आणि रक्तक्षय होतो, आणि कमतरता आहे हे घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. नॅप्थलीन तेलात विरघळतं, म्हणून मालिश केलेल्या अंगाला तसली दुपटी तर नकोच. नुसतं धुऊन भागत नाही. गोधडी बरेच दिवस उघड्यावर वारा-उन्हात टांगा, धुवा, पुन्हा टांगा. नाक लावून जराही वास आला तर या खेपेला ती बाळाला नको. पुढच्या वेळी ट्रंकेत वाळलेला कडुनिंबाचा पाला.

दुसरं, कपडे परटाकडे देणार असाल तर सुती दोऱ्याची खूण करायला सांगा. पूर्वी बिब्ब्याच्या चिकाची खूण करायचे आणि जिथे खूण टेकेल तिथे अंगावर फोड यायचे. आता मार्कर आलेत, पण विचारायला काय जातं.

– नाशिकरोडची ताई

———

उत्तर:

सगळ्यांचे आभार. गोळ्या होत्या! गोधड्या आज गच्चीवर गेल्या. वास गेला की धुवायच्या कशा? घरी वरून कपडे टाकायचं मशीन आहे.

– इं. सून

———

उत्तर:

गोधडी मशीनमध्ये नको. आतले जुन्या लुगड्यांचे थर पाणी पितात, वजन एका बाजूला जातं, हातशिलाईचे टाके तुटतात. मोठ्या टबात कोमट पाणी, थोडं डिटर्जंट, वीस मिनिटं भिजवा, मग पायाने तुडवा. पिळू नका. गुंडाळी करून दाबून पाणी काढा आणि दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, मध्ये हवा खेळली पाहिजे. डिसेंबरात दुपारी ऊन चांगलं असतं, पण रात्री दव पडतं. चारला आत घ्या, दुसऱ्या दिवशी उलटी बाजू. मधल्या शिवणीत बोट दाबून गार लागलं तर अजून ओली आहे.

कार सीट: काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या. कव्हर लेबलाप्रमाणे धुवा, पण पट्टे भिजवू नका, डिटर्जंट नाही, ब्लीच नाही, इस्त्री नाही. पट्ट्याचे धागे कमकुवत झाले तर डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा, बस. बक्कलमध्ये दूध गेलं असेल तर नुसत्या कोमट पाण्यात हलवून घ्या. तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि खटका बसत नाही.

– गंगापूर रोडवाले काका