मासेखाऊ घरात पंधरा वर्षांच्या मुलीने मासे सोडले, तर घरच्यांनी काय करावं?

मालवणी_आई: जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही सुकट-खाऱ्या बांगड्यावर जेवणारं आमचं घर. जिवंत कुर्ल्यांचे डेंगे मोडताना पाहिले आणि मुलीने मासे-मटण सगळं सोडलं. सासूबाई म्हणतात, वाढीचं वय आहे, अंगाला काय लागणार? माझंही मन दोन्हीकडे ओढतंय.

तिरफळ: सासूबाईंचं बरोबर आहे. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं, आणि मासे-मटणातलं लोह अंगी लागतं तितकं पालेभाजीतलं लागत नाही. मला दुसरीच भीती जास्त वाटते. मुंबईत मासे खाणाऱ्यांना घर भाड्याने नाकारतात. तोच तिटकारा आपल्या लेकीच्या तोंडून ऐकायचा? आज 'मी खाणार नाही', उद्या 'आई, तुझ्या हाताला वास येतो'. ज्या मासळीवर आपल्या पिढ्या जगल्या तिला घाण म्हणणं मी माझ्या घरात चालू देणार नाही.

देशावरची: तिने घाण म्हटलंय कुठे? तिला जीव जाताना बघवला नाही. आमच्या मटण खाणाऱ्या घरात आजोबांनी पंढरीची माळ घातली. आजीने त्याच दिवशी त्यांची भांडी वेगळी केली. अंगाला काय लागणार, असं त्यांना कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या पुरुषाचा निश्चय तो निश्चय आणि पोरीचा तो हट्ट? दूध-दही खाते ना? मग बी-१२ थोडंफार मिळतं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा देऊ नका, रक्त तपासून घ्या.

तिरफळ: माळेमागे वारी असते, सोबतीला माळकरी असतात. ही एकटी आहे. शिवाय आजीने भांडी वेगळी केली म्हणता, म्हणजे काम आजीच्याच गळ्यात पडलं! इथेही आईच दोनदा रांधणार.

देशावरची: कामाचा मुद्दा खरा आहे, तो मान्य. मुलीनेही चुलीपाशी उभं राहावं. पण मालवणी घरात दुसरा स्वयंपाक असा कितीसा? खोबऱ्याचं भाजकं वाटप थोडं बाजूला काढलं की काळ्या वाटाण्याचं सांबार होतं. सोमवारी, श्रावणात तुम्ही हेच रांधता.

मालवणी_आई: वाटाणे रात्री भिजत घालायचं काम आजपासून तिचं. रक्त या आठवड्यात तपासून घेते. तिरफळताई, वासाबद्दल ती अजून बोललेली नाही. बोलली तर मीही ऐकून घेणार नाही. आणि सासूबाईंच्या माहेरी दोघे माळकरी आहेत, तेव्हा माळेचा दाखला आधी त्यांनाच देते.