बीएसडब्ल्यू (समाजकार्य पदवी) : फील्डवर्कची प्लेसमेंट संपताना केसवर्क कसं थांबवावं? अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सरकारी विद्यापीठात बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सत्र संपत आलंय. पुढच्या सत्रात फील्डवर्कची एजन्सी (जिथे प्रत्यक्ष काम शिकतो ती संस्था) बदलेल आणि माझ्या हातातलं केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर चाललेलं मदतीचं काम, अर्ध्यावर राहील. हे शिक्षण घेतलेल्यांनी किंवा फील्डवर्कचं मार्गदर्शन केलेल्यांनी कृपया लिहा.

माझ्याकडे एक मुलगा आहे (गोपनीयतेसाठी तपशील बदलले आहेत). शाळा मध्येच सुटलेली, घरात कमावती एकटी आजी. सुरुवातीला गृहभेटीला गेलं की तो दाराआड जाऊन बसायचा, बोलायची ती आजीच. आता मी पोचायच्या आत वही उघडून तयार असतो. चुकलेली गणितं खोडत नाही, बाजूला फुली मारून मला दाखवायला ठेवतो. निघताना दर वेळी विचारतो, "ताई, पुढच्या वेळी तूच येशील ना?" शाळेत पुन्हा नाव घालायचं बोलणं सुरू आहे, पण पक्कं काहीच नाही.

वर्गात सेवार्थीशी, म्हणजे ज्याला मदत करतो त्याच्याशी, नातं कसं जोडायचं यावर भरपूर शिकवलं. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली मांडलेली सात तत्त्वं आम्हा सगळ्यांना पाठ आहेत : स्वीकार, गोपनीयता, स्वनिर्णयाचा हक्क वगैरे. टर्मिनेशन, म्हणजे हे नातं आणि काम संपवणं, मात्र एका तासात उरकलं. म्हणून स्वतःच वाचायला घेतलं, तेव्हा अमेरिकन समाजकार्यकर्त्या जेसी टाफ्ट आणि पेनसिल्व्हेनियाची 'फंक्शनल' विचारसरणी सापडली. १९३० च्या दशकात त्यांनी वेळेच्या मर्यादेलाच मदतीचं साधन मानलं होतं. शेवट कधी आहे हे दोघांनाही माहीत असेल तर त्याला सामोरं जाणं हासुद्धा कामाचाच भाग होतो, असं त्यांचं म्हणणं.

मला हे मनापासून पटतं. पण आमच्याकडे शेवटाची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकावरून ठरते. त्या मुलाची गरज संपली की नाही, हे त्यात कुणी बघत नाही. ज्या मुलाच्या आयुष्यातून मोठी माणसं आधीच निघून गेली आहेत, त्याच्यासाठी आणखी एक माणूस न सांगता गायब होणं हे नुकसानच आहे, आणि ते आपल्या शिकण्याच्या सोयीसाठी होतंय. सरकारी विद्यापीठात एकेका सुपरव्हायझरकडे खूप विद्यार्थी असतात, त्यामुळे वैयक्तिक चर्चेत रेकॉर्डिंग (भेटींच्या लेखी नोंदी) तपासण्यातच वेळ जातो, हेही समजू शकते. तरी हा विषय सुटायला नको.

माझे प्रश्न :

त्याला किती आधी सांगावं? फार आधी सांगितलं तर तो आत्ताच मिटून जाईल अशी भीती वाटते, आणि उशिरा सांगणं अन्यायाचं आहे. आधी आजीला सांगावं की दोघांना एकत्र?

फोन नंबर मागितला तर काय करता? नंबर द्यायचा नाही असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तो कोणत्या शब्दांत सांगायचा? शेवटच्या भेटीत वही-पेन दिलेलं चालतं का?

तुमच्या विभागात जुना आणि नवा विद्यार्थी काही आठवडे एकत्र काम करतील अशी सोय आहे का? असेल तर ती कुणी आणि कशी करून घेतली, हे नक्की लिहा. आम्हाला विभागप्रमुखांकडे मागणी न्यायची आहे.

नंतरची भर : सुपरव्हायझरशी बोलले. एजन्सीतल्या समाजकार्यकर्त्या माझ्याबरोबर पुढच्या गृहभेटीला यायला तयार आहेत. शाळेचा पाठपुरावा त्या घेतील. त्यांच्यासाठी हस्तांतरणाची टिपण लिहायची आहे. आजीने विश्वासाने सांगितलेल्या घरगुती गोष्टी त्यात किती घालाव्यात, आणि तिची परवानगी आधी कशी घ्यावी? कुणी अशी टिपण लिहिली असेल तर तिचा ढाचा, नावं-गावं काढून, इथे द्याल का?