डॉक्टर रोज वेगळं सांगतात, त्याबद्दल

वेळेआधी जन्मलेलं बाळ नवजात अतिदक्षता विभागात (NICU) असलं की कितीतरी आईबाबा म्हणतात, ‘सकाळचे डॉक्टर एक सांगतात, रात्रीचे दुसरंच’. ही तक्रार रास्त आहे, पण बऱ्याचदा दोघंही खरंच सांगत असतात. मुदतपूर्व बाळाची तब्येत तासातासाला बदलते. म्हणून नुसता आकडा नको, कल विचारा: ऑक्सिजन कालपेक्षा जास्त लागतोय की कमी? दर फीडला किती मिली दूध पचतंय? २४ तासांत श्वास किती वेळा थांबला, आणि बाळ आपणहून सावरलं की हात लावून जागवावं लागलं? या शेवटच्या उत्तरातून सगळ्यात जास्त कळतं.

पहिल्या आठवड्यात वजन १० टक्क्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही उतरतं. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी आईबाबा उगाच हादरतात.

मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव निघाला तर ग्रेड (तो किती गंभीर आहे त्याची पायरी, १ सौम्य ते ४ गंभीर) विचाराच. १ आणि ४ मध्ये जमीनअस्मानाचा फरक असतो. पुढची सोनोग्राफी कधी, तेही लिहून घ्या. वाईट बातमीनंतर पुढचं डोक्यात शिरतच नाही, तेव्हा दोघांनी जा, एकाने लिहा आणि ‘आम्हाला असं समजलं, बरोबर ना?’ म्हणून वाचून दाखवा.

डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात असते. बाळ घरी आलं तरी ती तारीख चुकवू नका, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार बाहेरून दिसत नाही.