रात्रीची गस्त रहिवाशांनी घालावी का?

जागल्या
आमच्या वसाहतीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या. लगेच बैठक झाली आणि ठरलं की रोज रात्री चौघांनी आळीपाळीने काठी-शिट्टी घेऊन फिरायचं, अनोळखी माणूस दिसला की अडवून चौकशी करायची. मी विरोध केला आणि एकटा पडलो.

लोकांनी पोलिसांना साथ द्यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण अडवणं, झडती घेणं, बसवून ठेवणं हे आपलं काम नाही. शिवाय नुसतं फिरल्याने गुन्हे थांबतात का? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली पंधरा बीटवर, म्हणजे पोलिसांच्या गस्तीसाठी वाटून दिलेल्या भागांत, प्रयोग झाला. काही बीटवर पोलिसांच्या गाड्यांची नेहमीची गस्त बंद केली, काहींवर होती तशीच ठेवली, काहींवर दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लोकांची भीतीही तेवढीच राहिली. गणवेशातल्या गस्तीचं हे झालं, तर दिवसभर राबून आलेले आपण चौघे काय साधणार?

खिडकीतून
असहमत. ती गस्त गाडीतून होती आणि सगळीकडे सारखी पसरलेली होती. फिलाडेल्फियात २००९ साली गुन्हे जिथे सर्वाधिक होत तिथेच पायी गस्त ठेवली, एकूण ६० ठिकाणी. सुमारे तीन महिन्यांत हिंसक गुन्हे, गस्त नसलेल्या तशाच ठिकाणांच्या तुलनेत, २३ टक्क्यांनी कमी झाले. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवण्याच्या योजनांचा २००८ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही १६ ते २६ टक्के घट दिसली.

आणि आकडे बाजूला ठेवा. घरफोडी झाली त्याच्या शेजारच्या घरात माझी आई एकटी राहते. त्या दिवसापासून ती दिवा लावून, दाराला खुर्ची टेकवून झोपायची. शिट्टी ऐकू आली की तिला झोप लागते. ही झोप कोणत्या तक्त्यात मोजणार?

उंबरा
खिडकीतून, आईंची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण 'अनोळखी' कोण ते ठरवणार कोण? माझा धाकटा भाऊ रात्रपाळी करून पहाटे घरी येतो. शेजारच्या वसाहतीच्या गस्तवाल्यांनी त्याला एका आठवड्यात तीनदा अडवलं. तिसऱ्या वेळी कॉलर धरली. तो त्याच रस्त्यावर लहानाचा मोठा झालाय! आता तो लांबचा रस्ता धरतो.

फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये अशाच पहारा योजनेतल्या एका स्वयंसेवकाने १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घातली. मुलगा दुकानातून परत येत होता. पाठलाग करायची गरज नाही, असं पोलिसांच्या फोनवरच्या माणसाने त्या स्वयंसेवकाला आधीच सांगितलं होतं. काठी हातात आली की माणसाला ती उगारायचं निमित्त सापडतं.

जुनी डायरी
मी बरीच वर्षं बीटवर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गस्त हवी की नको हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, फोडलं कोणतं घर, कुठून शिरले, आणि तेच घर पूर्वी फोडलं होतं का? एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, कारण चोराला वाट माहीत झालेली असते. इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात हेच हेरून काम झालं. तिथे घराघरांत वीज-गॅसचे नाण्यांवर चालणारे मीटर होते, म्हणजे चोरासाठी रोकड भरलेली पेटीच. ते काढले. फोडलेल्या घराची कुलपं-कड्या ताबडतोब पक्क्या केल्या. आणि सबंध वसाहतीला कामाला न लावता त्या एका घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. पहिल्या वर्षात घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या, तीन वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. कोणाची कॉलर धरावी लागली नाही.

खिडकीतून
हे पटतं. पण फोन केला तर पोलीस येतात कुठे? आले तरी दर वेळी नवा चेहरा. २०२१ साली ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. पोलीस-जनता सहकार्याच्या योजनांनी विश्वासही वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहिल्या, मनुष्यबळ आणि पैसा अपुरा पडला, वरिष्ठांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग आम्ही कोणाच्या भरवशावर बसायचं?

जुनी डायरी
बदल्यांबद्दल बोललात ते खरं आहे, आणि आम्हा पोलिसांना ते लागायलाच हवं. लोक माहिती देतात ती ओळखीच्या माणसाला. तो माणूस सहा महिन्यांत बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बैठकीत आधी एकच मागा: ठरलेला बीट अंमलदार, ठरलेला दिवस, आणि मागच्या तक्रारीचं काय झालं याचं उत्तर.

जागल्या
दोन्ही घरं आज जाऊन पाहिली. दोन्हीकडे चोर मागच्या बोळातून शिरले, आणि तिथला दिवा कित्येक महिने बंद आहे. गस्तीचा ठरलेला मार्ग पुढच्या रस्त्याने जातो. रविवारच्या बैठकीत दिवा, मागच्या दारांच्या कड्या आणि ठरलेला अंमलदार हे तीन मुद्दे मांडतो. खिडकीतून, आईंच्या आजूबाजूच्या पाच घरांची नावं तुम्ही काढाल का?

खिडकीतून
काढते. पण दिवा लागेपर्यंत शिट्टी बंद होऊ देणार नाही.

उंबरा
शिट्टी वाजवा. अडवू मात्र नका कोणाला.