२४ मीटरच्या रस्त्यात फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि गाड्या: मापं कशी बसवावीत?

रेघोटी:
भिंतीपासून भिंतीपर्यंत २४ मीटर. सध्याची वाटणी अशी: ३.५ मीटरच्या चार लेन, दोन्ही कडांना २.२ मीटर पार्किंग, दोन्हीकडे २.८ मीटर फुटपाथ. त्या फुटपाथवर खांब, झाडं आणि विजेचे बॉक्स, त्यामुळे चालायला जेमतेम दीड मीटर उरतो. बसमार्ग आहे आणि दुकानांचा माल रस्त्यावरच उतरतो. सायकल ट्रॅक दोन्ही बाजूंना हवा आहे. लेन ३ मीटरची केली तर बस जाते का? आणि लेन कमी केल्या तर कोंडी होईल या हरकतीला काय उत्तर द्यायचं?

चौकमोजणी:
आरसे धरून बस जवळपास ३ मीटर होते, म्हणून कडेची लेन ३.२ आणि आतली ३.०. चारही लेन ठेवल्या तर १२.४ मीटर जातात, उरतात ११.६. एका बाजूला ५.८ आले: फुटपाथ ३.०, ट्रॅक २.०, ट्रॅक आणि गाड्या यांच्या मधला पट्टा ०.८. बसतं, पण पार्किंग शून्य, आणि माल उतरवणारा टेम्पो पहिल्याच दिवशी ट्रॅकवर चढणार.

त्यापेक्षा तीन लेन करा: ३.२ + ३.० + ३.२, मधली फक्त वळणाऱ्यांसाठी. एका बाजूला २.१ चा पार्किंग आणि मालाचा पट्टा. उरलेल्या १२.५ मीटरमधून प्रत्येक बाजूला फुटपाथ ३.३५, ट्रॅक २.०, पट्टा ०.९.

कोंडीचं म्हणाल तर रस्त्याची क्षमता चौक ठरवतो. सलग हिरवा दिवा असेल तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या निघतात. तुमच्या रस्त्याला ४० टक्के वेळ हिरवा मिळत असेल तर लेनमागे ७२०. दोन चौकांच्या मधली जादा लेन म्हणजे पुढच्या सिग्नलला रांग लावायची जागा, बस. गर्दीच्या तासाला सरळ जाणाऱ्या गाड्या एका दिशेला ७०० च्या वर असतील, तर चौकाआधीचे ५०-६० मीटर पार्किंग काढा. ते २.१ आणि दोन्ही पट्ट्यांतून ०.४५-०.४५ घेतले की ३ मीटरची सरळ लेन मिळते. मोजणी मात्र चौकात करा, वळणानुसार. मधल्या टप्प्यात मोजलेले आकडे इथे काही कामाचे नाहीत.

घंटीवाला:
तीन लेनला माझंही मत. फक्त पार्किंगच्या बाजूचा ०.९ चा पट्टा आणखी कमी करू नका. गाडीचं दार उघडलं की तेवढी जागा खातं, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराला थांबायला वेळच मिळत नाही. (पट्टा चौकाआधी अरुंद होतो तिथे पार्किंग नाही, म्हणून चालतं.)

खरा धोका कोपऱ्यावर, वळणाऱ्या गाडीचा. कोपऱ्याची त्रिज्या ९-१० मीटर असेल तर गाडी वेग न कमी करता वळते. ती ४-५ वर आणा. ट्रकसाठी आतल्या बाजूला थोडा उंच, खडबडीत दगडी पट्टा ठेवा. ट्रकचं मागचं चाक त्यावरून जातं, छोट्या गाड्या टाळतात. वळणाऱ्या गाड्यांनी ट्रॅक ओलांडायची जागा चौकापासून गाडीभर, म्हणजे सुमारे ५ मीटर, आत सरकवा. नेदरलँड्समध्ये हीच रीत आहे: वळलेली गाडी मागची रांग न अडवता थांबते आणि चालकाला सायकल काटकोनात, समोर दिसते. तेवढ्या अंतरात पार्किंग असेल तर सगळं फुकट.

रेघोटी:
बसथांबा कुठे? आणि पादचाऱ्यांसाठी उंच क्रॉसिंग (रस्त्यापेक्षा वर उचललेलं) केलं तर पाणी साचणार नाही का?

पावसाळी गटार:
थांब्यासाठी बस आणि ट्रॅक यांच्यामध्ये निदान २.५ मीटरचा ओटा करा आणि ट्रॅक थांब्याच्या मागून न्या. तेवढ्या लांबीत ट्रॅक दीड मीटरचा होईल, फुटपाथही थोडा आक्रसेल, चालेल. थांब्यावर जाणारे लोक ट्रॅक ओलांडतात तिथे ट्रॅक फुटपाथच्या पातळीला उचला, सायकली आपोआप हळू होतात.

उंच क्रॉसिंगला १०० मिमी पुरे. बसमार्ग आहे म्हणून चढ १:२०, म्हणजे दोन्हीकडे २-२ मीटर उतार, आणि वरचा सपाट भाग ६ मीटर. पाणी साचतं ते क्रॉसिंगच्या वरच्या अंगाला, कर्बच्या (फुटपाथच्या कडेच्या दगडाच्या) कोपऱ्यात. गटाराची जाळी तिथेच हवी, आणि क्रॉसिंग ओतायच्या आधी. नंतर फोडून बसवलेली जाळी हमखास खचते. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या, नाहीतर चाक आत जातं.

सिग्नलची वेळ सेकंदाला ०.९ मीटर चालीने काढा. आज पार्किंगसकट १८.४ मीटर ओलांडायचे, म्हणजे २१ सेकंद. तीन लेनच्या ९.४ मीटरला ११ पुरतात, फक्त क्रॉसिंगपाशी पार्किंगच्या जागी फुटपाथ पुढे आणायला विसरू नका. वाचलेले दहा सेकंद गाड्यांना जातात. हरकत घेणाऱ्यांना आधी हेच सांगा. शिवाय पादचाऱ्यांचा हिरवा गाड्यांच्या ३-७ सेकंद आधी लावा.

चौकमोजणी:
आणि थेट काँक्रीट ओतू नका. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवे गाड्यांना बंद केला तो आधी रंग आणि खुर्च्यांवर, पक्कं काम नंतर. तुम्हीही आधी रंग, लवचीक खांब आणि जड कुंड्या वापरा. रंगात वाळू मिसळलेली हवी, नुसता रंग पावसात निसरडा होतो. लवचीक खांबांच्या रांगेतला पहिला खांब सगळ्यात आधी मोडतो, म्हणून रांगेच्या तोंडाशी कुंडी ठेवा. दोन-तीन महिन्यांत चाकांचे काळे ओरखडे कुठे उठतात ते बघा. तिथे कर्बची रेघ अर्धा मीटर सरकवायची असते.