बियाण्यातच विषाणू पकडायला हवा

एकांनी लिहिलंय की वनस्पतीरोगशास्त्र शिकून शेवटी औषधंच विकावी लागतात आणि बियाण्याचं क्वारंटाइन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बियाण्याची रोगतपासणी, हे नुसते शिक्के. पिंपळगाव बसवंतजवळ आमचं टोमॅटोचं शेत आहे आणि मी विषाणू तपासणीतच नोकरी करते, म्हणून राहवलं नाही.

विषाणूवर फवारणी चालत नाही. झाड बाधलं की उपटायचं, बस्स. टोमॅटोचा ब्राउन रुगोज विषाणू (फळावर तपकिरी, सुरकुतलेले डाग आणणारा) २०१४ मध्ये इस्राएलमध्ये दिसला आणि पुढे देशोदेशी पोचला. तो बियाण्याच्या सालीवर बसून येतो, मग हात, कात्री, बांधणीची सुतळी यांवरून पसरतो.

आमचं काम असं: बी भिजवायचं, वाटायचं, रस ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घालून एलायझा लावायची, म्हणजे विषाणू असला तर रंग बदलणारी चाचणी. एखादा खळगा हळूहळू पिवळा होऊ लागला की पोटात गोळा येतो, कारण त्या लॉटमागे किती रोपवाटिका थांबल्यात ते माहीत असतं. मग आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. पण पीसीआरला निकामी विषाणूही दिसतो, त्यामुळे रस तंबाखूवर्गातल्या रोपाच्या पानावर चोळून तीन-चार दिवस ठिपक्यांची वाट बघायची; ठिपके उठले तर विषाणू जिवंत. याला घाई चालतच नाही.

आयात बियाण्यासाठी २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. शिक्का त्याचा, पण त्यामागे ही प्लेट असते.

आणि हो, तंबाखूतूनही मोझॅक विषाणू येतो. आमचे दादा बिडी ओढल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावत नाहीत.